दांडका कुणावर? : एकोणिसाव्या शतकाअखेरच्या अमेरिकी राजकीय व्यंगचित्रांतला पोलीस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही चित्रं नेमकी कुठली आणि कधीची?

साधारण १८६५ ते १९०५ या काळातली, आणि बहुतेक न्यूयॉर्कमध्ये छापलेली. तीन साप्ताहिकांची नावं सारखी येतील. पहिलं ‘हार्पर्स वीकली’. ते १८५७ साली सुरू झालं आणि थॉमस नास्टने तिथे १८८६ अखेरपर्यंत चित्रं काढली. दुसरं ‘पक’. ते व्हिएन्नाहून आलेल्या जोसेफ केप्लरने १८७६ साली आधी जर्मन भाषेत काढलं आणि १८७७ पासून इंग्रजीतही. तिसरं ‘जज’. ‘पक’मधून फुटलेल्या मंडळींनी ते १८८१ साली सुरू केलं आणि पुढे ते रिपब्लिकन पक्षाच्या गोटात गेलं. शेवटच्या दहा वर्षांत दैनिकांचीही भर पडते.

चित्रातला पोलीस ओळखायचा कसा?

गडद निळा लांब कोट, पुढे पितळी बटणांच्या रांगा, छातीवर बिल्ला, हातात दांडका. डोक्यावर काय आहे त्यावरून चित्राच्या काळाचा अंदाज येतो. नास्टच्या जुन्या चित्रांत साधी टोपी असते, तर १८८० च्या आसपासपासून लंडनच्या पोलिसासारखं उंच, घुमटाकार हेल्मेट दिसू लागतं. त्यामुळे कुठे हेल्मेटवाला पोलीस दिसला आणि खाली ‘१८६८’ असं लिहिलेलं असलं, तर त्या तारखेवर चटकन विश्वास ठेवू नका.

दांडका मात्र कायम आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसाकडे दिवसा आखूड आणि रात्री लांब दांडका असे. तो लोकस्ट नावाच्या कठीण लाकडाचा असायचा. मदत हवी असली की पोलीस तो फरसबंदीवर आपटायचा आणि शेजारच्या गस्तीवरचा शिपाई आवाज ऐकून धावत यायचा. चित्रकारांना ही वस्तू फारच सोयीची पडली, कारण तिच्यावर काहीही लिहिता येतं. ‘कायदा’ लिहा, ‘लोकमत’ लिहा, पुढाऱ्याचं नाव लिहा. त्या काळच्या व्यंगचित्रांत पट्ट्यांवर, टोप्यांवर, पिशव्यांवर अशी लेबलं चिकटवायची इतकी हौस होती की आजच्या नजरेला ती चित्रं थोडी बाळबोध वाटतात.

पोलीस दिसला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. दांडका कुणाच्या दिशेने उगारलाय आणि कुणासमोर खाली गेलाय, एवढंच बघतो. चित्रकाराचा पक्ष बहुधा तिथेच कळतो.

राजकीय चित्रात पोलिसाचं काय काम?

कारण तेव्हाचा पोलीसच राजकीय होता. न्यूयॉर्कचं दल १८४५ साली उभं राहिलं. १८५३ मध्ये गणवेश सक्तीचा झाला तेव्हा शिपायांनीच कुरकुर केली होती. स्वतंत्र देशाच्या नागरिकाने वर्दी घालायची म्हणजे कुणाच्या तरी वाड्यावरचा गडी व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. नोकरी लागायची ती वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या शब्दावर, आणि पुढारी पडला की नोकरीही डळमळायची.

१८५७ साली तर एका शहरात दोन पोलीस दलं झाली. राज्याची राजधानी अल्बनी, तिथल्या रिपब्लिकन विधिमंडळाने शहराचं दल मोडीत काढून राज्याच्या ताब्यातलं ‘मेट्रोपॉलिटन’ दल नेमलं. डेमोक्रॅट महापौर फर्नांडो वुड यांनी आपलं जुनं दल विसर्जित करायला साफ नकार दिला. १६ जून १८५७ रोजी सिटी हॉलच्या पायऱ्यांवर दोन्ही दलांचे पोलीस एकमेकांना बडवत होते. पुढे तेरा वर्षं राज्याचं दल राहिलं. १८७० साली टॅमनी हॉलचा सर्वेसर्वा विल्यम ट्वीड याने नवी सनद मंजूर करून घेतली आणि पोलीस पुन्हा शहराच्या, म्हणजे टॅमनीच्या हाती आले. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्कमधली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. नोकऱ्या वाटायच्या, मतं गोळा करायची आणि मधल्या मध्ये खिसे भरायचे, हा तिचा धंदा. त्यातच १८७० च्या दशकात निवडणुकीची व्यवस्थाही पोलीस मंडळाच्या हाताखाली आली. मतदान केंद्रावर कोण बसणार हे ठरवणारं खातं आणि तिथे दांडका घेऊन उभं राहणारं खातं एकच.

१८५७ आणि १८७० ही दोन वर्षं लक्षात ठेवा. खालची बरीच चित्रं त्यांच्याशिवाय उलगडत नाहीत.

एकच चित्र बघायचं असेल तर कोणतं?

नास्टचं ‘घाऊक आणि किरकोळ’. ‘हार्पर्स वीकली’, १६ सप्टेंबर १८७१. इंग्रजीत शोधायचं असेल तर ‘होलसेल अँड रिटेल’.

चित्राचे दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर शहराच्या तिजोरीतून ट्वीड आणि त्याचे साथीदार बाहेर पडताहेत: महापौर ओकी हॉल, पीटर स्वीनी आणि हिशेब तपासण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो रिचर्ड कॉनोली. दारात पोलीस त्यांना सलाम ठोकतात. खालच्या मजल्यावर एका भुकेल्या माणसाने बेकरीतून पाव उचललाय आणि तेच पोलीस, तेच दांडके त्याच्यावर तुटून पडलेत. वर घाऊक चोरी, खाली किरकोळ. बस.

यात नास्टची करामत कुठे आहे? ट्वीडच्या ढेरपोट्या आकृतीची चर्चा सगळेच करतात. मला या चित्रातले पोलीस जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण वरच्या आणि खालच्या चित्रांना जोडणारा दुवा तेच आहेत. गणवेशात फरक नाही. फरक आहे तो फक्त हातात. वर हात कपाळाशी जातो, खाली हवेत उगारला जातो. इंग्रजी वाचता न येणाऱ्या माणसालाही हे समजावं लागत नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये त्या काळी असे लोक भरपूर होते. बातमीपत्रं काहीही लिहोत, माझे मतदार वाचत नाहीत, पण ही चित्रं त्यांना दिसतात, अशा अर्थाचं ट्वीडचं एक वाक्य नेहमी सांगितलं जातं. ते त्याच्या तोंडचं असो वा नसो, भीती खरीच होती.

चोरी किती मोठी होती याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण. नवं न्यायालय बांधायला अंदाजपत्रक होतं अडीच लाख डॉलरचं, खर्च गेला सव्वा कोटीच्या घरात. अँड्र्यू गार्वी नावाच्या प्लास्टरवाल्याला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर दिल्याचं त्या हिशेबांत सापडलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै १८७१ मध्ये हे आकडे छापायला सुरुवात केली आणि नास्टने त्या आकड्यांना चेहरे दिले.

याच मालिकेतलं पुढचं चित्र ६ जानेवारी १८७२ चं आहे. कायदा त्याच्यापर्यंत पोचेल का, असा प्रश्न मथळ्यातच विचारलाय. चित्रात राक्षसाएवढा ट्वीड आणि त्याला धरायला निघालेला बोटभर पोलीस. इथे पोलीस दुष्ट नाही, नुसता ठेंगू आहे. हा बदल बारीक असला तरी मुद्दाम केलेला वाटतो. नोव्हेंबर १८७१ च्या निवडणुकीत ट्वीडची टोळी पडली होती. त्यानंतर प्रश्न पोलिसांच्या नियतीचा कमी आणि ताकदीचा जास्त झाला.

ट्वीड चित्रावरूनच पकडला गेला, ही दंतकथा की खरं?

खरं, पण लोक सांगतात तितकं सरळ नाही. डिसेंबर १८७५ मध्ये ट्वीड कैदेतून निसटला आणि फ्लोरिडा, क्युबा करत १८७६ साली स्पेनच्या व्हिगो बंदरात पोचला. तिथल्या अधिकाऱ्यांकडे त्याची ओळख पटवायला होतं ते नास्टचं १ जुलै १८७६ चं एक चित्र. त्यात कैद्याच्या पट्टेरी कपड्यांतला ट्वीड दोन फाटक्या पोरांना मानगुटीला धरून उभा आहे. म्हणजे ट्वीड स्वतःच पोलिसाचा आव आणतोय. लोकांना कुणाला तरी अटक झालेली हवी असेल तर मी या चोरट्यांना अटक करवतो, त्यांना पुढे सोडूनही देऊ, कुणाला इजा व्हायची नाही, असं चित्राखालचा मजकूर त्याच्या तोंडी घालतो. टोला होता तो गव्हर्नर सॅम्युअल टिल्डन यांच्या सुधारणेच्या गप्पांना.

स्पॅनिश अधिकाऱ्यांना यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी ट्वीडला मुलं पळवणारा समजून धरलं, असं सांगतात. चोराने पोलिसाची नक्कल करावी, त्या चित्रावरून खऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला ओळखावं आणि गुन्हा भलताच समजावा! यापुढे व्यंगचित्रकाराने काय काढायचं? ट्वीड परत आणला गेला आणि १२ एप्रिल १८७८ रोजी ल्युडलो स्ट्रीटच्या तुरुंगात वारला.

पण नास्ट पोलिसांच्या बाजूचा होता असंही वाचलंय. मग खरं काय?

दोन्ही. त्याचं ६ एप्रिल १८६७ चं चित्र पाहा. विषय आहे त्या वर्षीच्या सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक. आयरिश मिरवणूककरी हातात सोटे घेऊन पोलिसांना झोडपताहेत, मथळा ‘द डे वी सेलिब्रेट’, म्हणजे आमच्या सणाचा दिवस. आयरिश माणसांचे जबडे पुढे आलेले, कपाळं चपटी, चेहरे माकडासारखे. पोलीस सरळ नाकाचे, घायाळ, शूर.

१८६७ मध्ये शूर आणि १८७१ मध्ये गुलाम, हे कसं? १८६७ चे पोलीस रिपब्लिकन राज्य सरकारचे होते, १८७१ चे टॅमनीचे. नास्ट कट्टर रिपब्लिकन. त्याची मतं बदलली नव्हती, गणवेशाचा मालक बदलला होता.

तरी एवढ्यावर सगळं भागत नाही. दंगल समोर आली की पोलीस टॅमनीचा असला तरी ‘हार्पर्स’ त्याच्याच बाजूने कलायचं. १२ जुलै १८७१ ला ‘ऑरेंजमेन’ म्हणवणाऱ्या प्रोटेस्टंट आयरिशांच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली, बंदोबस्तावरच्या मिलिशियाने गोळीबार केला आणि साठाहून जास्त माणसं मेली. तिथे नास्टचा राग मेलेल्यांसाठी नव्हता, मिरवणुकीला आधी बंदी घालू पाहणाऱ्या टॅमनीवर आणि दगड मारणाऱ्या आयरिश कॅथलिकांवर होता. ट्वीडविरुद्धचा लढवय्या म्हणून आपण नास्टला डोक्यावर घेतो. हा दुसरा नास्टही तोच आहे आणि त्याच लेखणीने काढतो.

पोलीस नेहमी आयरिशच का दाखवलेला असतो?

अंशतः कारण तो खरोखर आयरिश असायचा. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. ते इंग्रजी बोलत होते, शहरात राहत होते, एकगठ्ठा मतदान करत होते. टॅमनीकडे वाटायला जे होतं त्यात पोलिसातली नोकरी सगळ्यांत मोलाची, कारण पगार नियमित आणि वर मानही. एका पिढीत आयरिश माणूस चित्रातल्या दगड मारणाऱ्या गर्दीतून उठून हेल्मेटखाली जाऊन बसला.

चित्रकारांना हे पचायला जड गेलं. मग त्यांनी तोच माकडासारखा जबडा पोलिसाला चिकटवला. ‘पक’मध्ये फ्रेडरिक ऑपरने काढलेली आयरिश माणसं बघा. मोलकरीण, गवंडी, वॉर्डातला पुढारी आणि कोपऱ्यावरचा शिपाई, सगळे जणू एकाच साच्यातून काढलेले. लांब वरचा ओठ, कल्ले, लाल नाक. पोलीस असेल तर पोट सुटलेलं, दारूच्या गुत्त्याच्या मागच्या दाराशी उभा किंवा दिव्याच्या खांबाला टेकून डुलकी काढणारा.

याची बोच अशी की चित्रं काढणाऱ्यांतले अनेक जण स्वतः बाहेरून आलेले होते. नास्टचा जन्म जर्मनीतल्या लांडाऊचा, तो लहानपणी न्यूयॉर्कला आला. केप्लर व्हिएन्नाचा, बर्नहार्ड गिलम इंग्लंडचा. कालच्या बोटीने आलेल्याने परवाच्या बोटीवाल्याला नाकं मुरडायची, हा प्रकार मुंबईकरांना काही नवा नाही.

हेमार्केटच्या चित्रांत पोलीस एकदम देवदूत कसे झाले?

आपल्याकडे १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. त्यातल्या कामगार दिनाचं मूळ शिकागोत आहे. १ मे १८८६ पासून आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाले. ३ मे रोजी मॅकॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या चालवल्या आणि माणसं मेली. ४ मे च्या रात्री हेमार्केट चौकाजवळ निषेध सभा झाली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेले, काळजीचं कारण नाही असं त्यांचं मत पडलं. पाऊस भुरभुरू लागला, गर्दी काही शे माणसांवर आली, गाडीवर उभा राहून सॅम्युअल फील्डन भाषण संपवत होता. तेवढ्यात पावणेदोनशेच्या आसपास पोलीस चालून आले. कॅप्टन वॉर्ड यांनी पांगायचा हुकूम दिला. कुणीतरी बाँब टाकला. पोलिसांनी अंधारात गोळीबार केला. सात पोलीस दगावले, त्यांतले काही आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी जखमी झालेले. नागरिकही मेले.

आता १५ मे च्या ‘हार्पर्स वीकली’चं मधलं जोडपान उघडा. थुरे द थुलस्ट्रुप याने काढलेलं हे चित्र व्यंगचित्र नाही, बातमीचं चित्र आहे. म्हणूनच त्याचा परिणाम जास्त झाला. यात फील्डन हात उंचावून बोलतोय, बाँब फुटतोय आणि जमाव पोलिसांवर पिस्तुलं झाडतोय, हे सगळं एकाच क्षणात. प्रत्यक्षात या गोष्टी एकामागून एक घडल्या आणि जमावाच्या गोळीबाराचा भाग तर तेव्हापासून वादात आहे. पण एका चौकटीत बसवल्यावर बघणाऱ्याला वाटतं की भाषण म्हणजेच बाँब. खटल्यातल्या आरोपांचं सूत्रही जवळपास हेच होतं. बाँब कुणी टाकला हे सिद्ध न होता आठ जण दोषी ठरले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी झाली, पाचव्याने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला, उरलेल्या तिघांना गव्हर्नर जॉन ऑल्टगेल्ड यांनी १८९३ साली सोडलं.

नास्टचं या विषयावरचं गाजलेलं चित्र ४ सप्टेंबर १८८६ चं आहे. त्यात स्वातंत्र्यदेवतेचा अवाढव्य हात दोषी ठरलेल्यांना मुठीत चिरडतोय. तिथे गणवेशाची गरजच उरलेली नाही, शिक्षा करायला देवता स्वतः आली. हॉबोकनचा घाट असो की शिकागोची वस्ती, गोदी-कारखान्यांतल्या ज्या जर्मन कामगारांवर पोलिसांचे दांडके पडत होते, त्यांना या पानांवर दाढीवाला, विस्कटलेला, हातात बाँब धरलेला अराजकवादी यापलीकडे चेहरा मिळाला नाही. याचा कर्ता नास्ट स्वतः जर्मन, हे पुन्हा सांगायला नको.

१८८९ साली हेमार्केटमध्ये पोलिसाचा पुतळाही उभा राहिला, एक हात वर करून शांततेचा हुकूम देणारा. ही मुद्रा थेट चित्रांतून उचलल्यासारखी आहे. पुढे १९२७ मध्ये एक ट्राम त्याच्यावर आदळली, १९६९ आणि १९७० मध्ये तो बाँबने उडवला गेला. आता तो पोलीस मुख्यालयाच्या आवारात आहे.

पिंकर्टनवाले पोलीस होते का?

नाही. ती खासगी एजन्सी होती. कारखानदार पैसे मोजून त्यांची माणसं आणायचे. ६ जुलै १८९२ रोजी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात त्यांची आणि संपकऱ्यांची गोळागोळी झाली आणि दुसऱ्या वर्षी संसदेने सरकारी खात्यांना त्यांना भाड्याने घ्यायला बंदी घातली. त्यामुळे चित्रात बंदूकधारी पहारेकरी दिसले आणि शहरी पोलिसाचा हेल्मेट-बिल्ला नसला, तर पिंकर्टन आहेत का ते तपासा.

हप्त्याची चित्रं कधीपासून?

कुजबुज जुनी होती, पण कागदोपत्री पुरावा १८९४ साली आला. रेव्हरंड चार्ल्स पार्कहर्स्ट यांनी १४ फेब्रुवारी १८९२ ला चर्चमधल्या प्रवचनात टॅमनी आणि पोलिसांना नावं ठेवली. पुरावा मागितला गेला, तेव्हा हे धर्मगुरू वेश बदलून गुत्ते आणि कुंटणखाने स्वतः बघून आले. मग राज्याच्या सिनेटने क्लॅरेन्स लेक्सो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. साक्षींची पानं दहा हजारांवर गेली.

त्यातून जे निघालं ते कुठल्याही व्यंगचित्रापेक्षा भारी होतं. साध्या शिपायाच्या नोकरीचा भाव ३०० डॉलर. टिमथी क्रीडन या अधिकाऱ्याने कॅप्टन व्हायला १५,००० डॉलर मोजल्याची कबुली दिली. एवढे पैसे घातल्यावर ते वसूल करायला गुत्ते, जुगारअड्डे आणि वेश्यावस्ती होतीच. इन्स्पेक्टर अलेक्झांडर विल्यम्स याला लोक ‘क्लबर’ म्हणत, इतका त्याचा दांडका चाले. सुप्रीम कोर्टाच्या निकालापेक्षा पोलिसाच्या दांडक्याच्या टोकात जास्त कायदा असतो, हे वाक्य त्याच्याच नावावर सांगतात. पगाराच्या मानाने एवढी मालमत्ता आली कुठून, असं समितीने विचारल्यावर त्याने जपानमधल्या जमिनींच्या व्यवहाराकडे बोट दाखवलं!

या सुमाराला चित्रांत पोलिसाचा एक हात मागे जातो. पुढच्या हातात दांडका, मागच्या हाताचा तळवा उघडा. टॅमनीचा वाघ हे नास्टचंच जुनं प्रतीक, ११ नोव्हेंबर १८७१ चं. त्या वेळी तो आखाड्यात सुटलेला हिंस्र वाघ होता. पुढच्या पिढीच्या चित्रकारांनी त्याला माणसासारखं दोन पायांवर उभं केलं, कपडे चढवले आणि अखेर गणवेशही.

काळ्या अमेरिकनांच्या चित्रांत पोलीस कुठे असतो?

बहुतेक वेळा एक तर गायब, नाहीतर विनोदाला फोडणी म्हणून. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १८७४ ला, नास्टने ‘गुलामगिरीहून वाईट’ हे चित्र काढलं. कू क्लक्स क्लॅन आणि व्हाइट लीग या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटना. त्यांचा एकेक माणूस हातात हात घालून उभा आहे, खाली एक काळं कुटुंब दबलेलं. त्या चित्रात पोलीस नाही, शिपाई नाही, कोर्ट नाही. दक्षिणेत कायदा उरला नव्हता हे सांगायला ती रिकामी जागा पुरेशी होती.

पुढच्या वीस वर्षांत सहानुभूती आटली. ‘पक’ आणि ‘जज’ दोघांच्याही पानांवर कोंबड्या चोरणारा काळा माणूस हा ठरलेला विनोद झाला आणि मागून येणारा पोलीस त्या विनोदाचं सामान. त्या चित्रांत मार खाणाऱ्याचं दुखणं कुठेच नसतं. ती बघताना आज त्रास होतो आणि व्हायलाही हवा.

याला छेद देणारं एक चित्र १९०० सालचं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन भागात साध्या वेषातला पोलीस रॉबर्ट थॉर्प एका काळ्या माणसाशी झालेल्या झटापटीत मारला गेला. अंत्यसंस्काराच्या सुमारास गोऱ्या जमावाने दिसेल त्या काळ्या माणसाला मारायला सुरुवात केली आणि पोलीस थांबवायचं सोडून त्यात सामील झाले. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने छापलेल्या चित्रात भलामोठा टॅमनी वाघ पोलिसाच्या गणवेशात दांडका फिरवतोय आणि मागे एक काळा माणूस रक्तबंबाळ पडलाय. मथळा असा की वाघोबा आता पोलिसात भरती झालेत. ‘ट्रिब्यून’ रिपब्लिकन होतं, म्हणून टॅमनीला झोडायची संधी त्यांनी सोडली नाही, हे उघड आहे. तरीही मार कुणाला बसला हे निदान त्या चित्रात दिसतं.

थिओडोर रूझवेल्ट या सगळ्यात कसे आले?

लेक्सो समितीच्या गदारोळात १८९४ ला टॅमनी हरली. नव्या महापौरांनी मे १८९५ मध्ये रूझवेल्टना पोलीस मंडळावर घेतलं आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. विल्यम्स महाशय निवृत्त झाले. रूझवेल्ट रात्री पत्रकार जेकब रीस यांना घेऊन गस्तीवरचे झोपाळू शिपाई शोधत हिंडायचे. व्यंगचित्रकारांना आणखी काय हवं? नुसता चश्मा आणि दातांच्या दोन रांगा काढल्या तरी लोकांना माणूस कळायचा.

त्यांनी रविवारी दारूबंदीचा कायदा कडक राबवला. रविवारी बायकापोरांसह बिअर पिणारे जर्मन खवळले. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी निषेधाची मिरवणूक काढली तर रूझवेल्ट स्वतः ती बघायला हजर! गर्दीतून कुणीतरी जर्मनमध्ये ओरडलं, कुठाय तो रूझवेल्ट? यांनी जर्मनमध्येच उत्तर दिलं, हा इथे आहे.

हे सगळं गमतीचं, पण खरी मेख पुढे आहे. ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९०१ मध्ये त्यांची ‘मोठ्या सोट्या’ची म्हण (बोला हळू, पण हातात मोठा सोटा ठेवा) गाजली आणि डिसेंबर १९०४ च्या संदेशात त्यांनी लॅटिन अमेरिकेत गरज पडल्यास आंतरराष्ट्रीय पोलिसाची भूमिका घ्यावी लागेल असं म्हटलं. जानेवारी १९०५ मध्ये ‘जज’मध्ये लुई डॅलरिम्पलने ‘जगाचा कॉन्स्टेबल’ काढला. निळ्या गणवेशातले धिप्पाड रूझवेल्ट, हातात दांडका, त्यावर ‘नवी मुत्सद्देगिरी’ असं लेबल, भोवती सगळी दुनिया. चौतीस वर्षांपूर्वी पाव उचलणाऱ्यावर उगारलेला तो दांडका इथे कौतुकाची वस्तू झालाय. ‘जज’च्या वाचकाला हा पोलीस आवडावा अशीच योजना आहे. त्या दांडक्याखाली असलेल्या देशांना तो कसा दिसला असेल, हे चित्र विचारत नाही.

ही चित्रं छापायची कशी? इतका फरक का दिसतो?

नास्ट बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर पेन्सिलने उलटं चित्र काढायचा आणि कोरणारे कारागीर मधली जागा कोरून काढायचे. म्हणून रेषा करकरीत, छाया आडव्या-उभ्या रेघांची, सगळं काळं-पांढरं. ‘पक’ शिळाछापावर रंगीत छापलं जायचं. मुखपृष्ठ, मधलं जोडपान आणि मागचं पान अशी तीन मोठी चित्रं दर अंकात असत. रंग आल्यावर पोलिसाचा निळा कोट आणि लाल नाक दुरून दिसू लागलं. नास्टचा पोलीस भीती घालतो, ‘पक’चा पोलीस हसवतो. यातला बराच फरक छपाईचाच आहे असं माझं मत.

चित्रकारांना कुणी अडवलं नाही?

पोलिसांनी नाही, पुढाऱ्यांनी प्रयत्न केले. न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पुढारी टॉमस प्लॅट यांच्या गटाने १८९७ साली व्यंगचित्रविरोधी विधेयक आणलं, ते पडलं. कॅलिफोर्नियात १८९९ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियात १९०३ मध्ये कायदे झाले. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांना पोपट म्हणून रंगवलं होतं, त्याचा तो राग. हे कायदे टिकले नाहीत.

हा पोलीस पुढे कुठे गेला?

रविवारच्या पुरवण्यांत. १८९५ पासून ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आउटकॉल्टच्या पिवळ्या झग्यातल्या पोराच्या गल्लीत तो डोकावू लागला. १९०० मध्ये ऑपरनेच हर्स्टच्या दैनिकासाठी ‘हॅपी हूलिगन’ सुरू केला. डोक्यावर टिनचा डबा घातलेला हा भोळा आयरिश भटक्या कुणाचं तरी भलं करायला जातो आणि शेवटच्या चौकटीत पोलीस त्यालाच बडवत नेतो. आयरिश माणसाला माकड म्हणून काढणारा ऑपर उतारवयाकडे झुकताना मार खाणाऱ्या आयरिशाच्या बाजूला जाऊन बसला, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात अनपेक्षित वळण वाटतं.

पुरावा म्हणून ही चित्रं वापरता येतात का?

पोलीस कसे वागले याचा पुरावा म्हणून एकटी वापरू नका. त्यासाठी लेक्सो समितीच्या साक्षी आणि खटल्यांची कागदपत्रं आहेत. वाचकाला पोलीस कसा दिसावा असं संपादकाला वाटत होतं, याचा पुरावा म्हणून मात्र चित्रांसारखं दुसरं साधन नाही. साप्ताहिकाचा पक्ष, तारीख आणि त्या तारखेला पोलीस खातं कुणाच्या ताब्यात होतं, या तीन गोष्टी शेजारी लिहून मगच चित्राचा अर्थ लावावा. विद्यार्थी बहुधा पहिल्या दोन लिहितात आणि तिसरी विसरतात.

घरबसल्या कुठे बघता येतील?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ‘पक’ची रंगीत पानं मोठ्या आकारात, फुकट उतरवून घेता येतात. ‘हार्पर्स वीकली’ आणि ‘जज’चे बरेच खंड इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर आहेत. नास्टच्या कामाचा मोठा संग्रह न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या मॅकलॉक हॉल संग्रहालयात आहे. नास्ट त्याच गावात राहायचा. त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना न्यूयॉर्कहून गाडीने सहज जाता येईल. ओहायो स्टेट विद्यापीठातलं बिली आयर्लंड ग्रंथालय व्यंगचित्रांसाठीच वाहिलेलं आहे. शोधताना चित्राचं नाव आणि तारीख दोन्ही टाका. नुसतं ‘नास्ट पोलीस’ टाकलंत तर ट्वीडचं पोटच सगळीकडे दिसेल.